भरवशाचे बिल

अकोल्यात माझे मोटार वायंडिंगचे दुकान होते, तेव्हा विजेचा बेभरवसा हाच माझा धंदा होता. हे आधीच सांगून टाकलेले बरे. २००५ पासून पुढची काही वर्षे वऱ्हाडातल्या खेड्यांत बारा-बारा तासांचे भारनियमन असे, आणि त्या वर्षांत दुकानाबाहेर जळलेल्या मोटारींची रांग लागलेली असे. अकोट, तेल्हारा, बाळापूर, अंजनगाव सुर्जी. कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणी, कोणी दुचाकीच्या मागे दोरीने बांधून. ‘‘मोटर जयली ना भाऊ. बहार तोंडावर आला, आता पाणी कायनं देऊ?’’

मोटार का जळते हे कळायला इंजिनिअर असावे लागत नाही. दाब कमी आला की तेवढेच काम करायला ती जास्त करंट ओढते, तार तापते, वार्निश करपते. त्यात सिंगल फेजिंग होते. म्हणजे ठरलेल्या वेळी गावाला फक्त दिव्यापंख्यापुरता पुरवठा द्यायचा, म्हणजे पंप चालू नयेत. शेतकरी कंडेन्सर जोडून त्याच लाइनवर थ्री फेज मोटार ओढायला लावी. रात्री दोनला उठायला नको म्हणून ऑटो स्विच बसवी. मग लाइन आली की शिवारातले सगळे पंप एकाच क्षणी सुरू होत आणि डीपी जळे. एका मोटारीच्या वायंडिंगला कापसाचा एक क्विंटल जाई. मी ते पैसे घेतले. घेताना वाईटही वाटे, पण घेतले.

त्याच काळात एक प्रश्न डोक्यात बसला. मुंबईच्या गाडीत बसले की अकोला सुटल्यावर थोड्याच वेळात पारसच्या वीज केंद्राची चिमणी दिसते. जिथे वीज तयार होते तिथल्या शिवारात ती का नाही? त्याचे उत्तर शोधायला म्हणून वीज नियामक आयोगाचे आदेश वाचायला घेतले. पहिल्या आदेशाची चार पाने समजायला मला एक पावसाळा लागला. नंतर सवय लागली. आता दुकान नाही, वाचन चालू आहे. वाऱ्यापासून होणाऱ्या विजेबद्दल जे लिहितो आहे ते त्याच वाचनातून आलेले आहे, आणि थोडेफार त्या जळक्या कॉइलींतूनही.

पवनचक्क्यांविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक म्हणजे वारा फुकट, म्हणून त्याची वीज स्वस्त. दुसरे, वारा बेभरवशाचा, म्हणून त्याची वीज शेवटी महागच. दोन्ही मते मांडणारी माणसे शहाणी असतात आणि दोघेही अर्धेच बिल वाचत असतात.

आधी वारा. पवनचक्कीच्या पात्यांना मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट, निम्मा झाला तर आठवा हिस्सा. साधारण तीन मीटर प्रति सेकंदाच्या खाली पाती वीज देत नाहीत, अकरा-बाराच्या पुढे पूर्ण क्षमतेने देतात आणि पंचवीसच्या पुढे यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी थांबते. म्हणजे वाऱ्यात जरासा फरक पडला की विजेत फार मोठा पडतो. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात पवनचक्क्या जवळपास दिसत नाहीत त्याचे कारण यातच आहे. चिखलदऱ्याजवळ मोथ्याला, सातपुड्याच्या माथ्यावर, सरकारचा छोटा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला तेवढाच. राज्यातला खरा पवनप्रदेश साताऱ्याचे वनकुसवडे पठार, सांगलीचे ढालगाव, धुळ्यातले ब्राह्मणवेल या बाजूंना आहे. राज्यभरात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची क्षमता पाच हजार मेगावॅटच्या आसपास आहे. पण वर्षाची सरासरी काढली तर त्यांच्याकडून क्षमतेच्या वीस-पंचवीस टक्केच वीज मिळते, म्हणजे हजार-बाराशे मेगावॅट. शिवाय ती वर्षभर सारखी मिळत नाही. जून ते ऑगस्ट भरभरून, आणि दसऱ्याच्या सुमारास वारा पडतो.

आता आमच्या शिवाराचे वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहा. पावसाळ्यात पंप बंद असतात, घरात पंखे मंद असतात, तेव्हा वाऱ्याची वीज मुबलक. ऑक्टोबर हिट सुरू होते, कपाशीला आणि पुढे हरभरा-गव्हाला पाणी लागते, तेव्हा वारा गायब. संत्र्याचा आंबिया बहार धरला की फेब्रुवारीपासून मृग निघेपर्यंत झाडे पाण्यावर ठेवावी लागतात. त्यातला वाऱ्याचा हंगाम म्हणायचा तर फक्त मे महिना.

पण हा दोष एकट्या वाऱ्याचा नाही, आणि हेच बहुतेक चर्चांत सुटते. ऑक्टोबर २०२१ आठवा. कोळसा टंचाईमुळे राज्याला वीज देणारे १३ संच बंद पडले आणि ३,३३० मेगावॅटची तूट आल्याचे महावितरणने जाहीर केले. त्या यादीत पारसचा २५० मेगावॅटचा एक संच होता आणि अमरावतीजवळच्या नांदगावपेठेच्या खासगी केंद्रातले २७० मेगावॅटचे तीन संच होते. खुल्या बाजारातून युनिटला १३ रुपये ६० पैसे मोजून वीज आणावी लागली. ज्याला आपण भरवशाची वीज म्हणतो ती वऱ्हाडातच, वऱ्हाडाच्या ऐन गरजेच्या महिन्यात, बंद होती. कोळसा हासुद्धा एक हंगामी पदार्थ आहे. खाणीत पाणी भरले, वाघिणी कमी पडल्या, परदेशी कोळशाचा भाव चढला, की चिमणीही वाऱ्यासारखीच वागते.

तेव्हा भरवसा ही कुठल्या एका इंधनाची मालमत्ता नाही. भरवसा विकत घ्यावा लागतो, आणि त्याची पावती बिलात वेगळी असते. तिला स्थिर आकार म्हणतात.

औष्णिक केंद्राशी करार होतो तेव्हा त्याचे दोन भाग असतात. एक, कोळशाचा खर्च. जेवढी वीज घ्याल तेवढा. दुसरा, केंद्र उभारल्याचे कर्ज, व्याज, पगार, देखभाल यांचा स्थिर आकार. केंद्र तयार स्थितीत असेल तर वीज घ्या किंवा नका घेऊ, द्यावाच लागतो. घरी बैलजोडी ठेवली की तिला कडबा आणि ढेप लागतेच, मग ती औताला जुंपा नाहीतर गोठ्यात उभी ठेवा. मागणी कमी असते तेव्हा काही संच ‘राखीव बंद’ ठेवले जातात. त्यावर दरवेळी बातमी येते की न घेतलेल्या विजेचे कोट्यवधी रुपये मोजले. बातमी खरी असते, पण ते पैसे विजेचे नसतात, गोठ्यातल्या बैलाच्या ढेपेचे असतात.

इथे एक छोटा हिशेब करू. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. समजा गावाला शंभर युनिट हवी आहेत आणि ती कोळशापासून येतात: स्थिर आकार युनिटला दीड रुपया, कोळसा साडेतीन रुपये. बिल झाले ५०० रुपये. आता त्यातली ३० युनिटे वाऱ्याकडून घेतली. दर २ रुपये ८५ पैसे धरू, कारण २०१८ साली महावितरणच्या पवन निविदेत सर्वांत कमी दर तेवढाच आला होता. वाऱ्याचे ८५ रुपये ५० पैसे, उरलेल्या ७० युनिटांच्या कोळशाचे २४५, आणि स्थिर आकार? तो तसाच १५०, कारण वारा पडेल त्या संध्याकाळसाठी कोळशाचे केंद्र सोडून देता येत नाही. एकूण ४८० रुपये ५० पैसे. वाऱ्याचे युनिट कोळशाच्या युनिटाहून दोन रुपये पंधरा पैशांनी स्वस्त दिसत होते. प्रत्यक्षात शंभर युनिटांमागे साडेएकोणीस रुपयेच वाचले.

हाच हिशेब खाणीच्या दारातल्या केंद्रासाठी करा, जिथे कोळसा अडीच रुपयांत पडतो. आधीचे बिल ४००, वाऱ्यासह ४१० रुपये ५० पैसे. म्हणजे तीच पवनचक्की, तोच दर, आणि आता नुकसान!

वाऱ्याच्या युनिटाची तुलना कोळशाच्या पूर्ण दराशी करायची नसते, फक्त वाचलेल्या कोळशाशी करायची असते. म्हणून ‘पवनऊर्जा स्वस्त की महाग’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ती कोणत्या क्षणी कोणत्या केंद्राला मागे सारते यावर ते ठरते. दर जुने असताना तर हिशेब आणखी अवघड होता. राज्याच्या आयोगाने २००३ मध्ये पवन विजेला साडेतीन रुपये आणि दरवर्षी पंधरा पैसे वाढ असा दर ठरवला होता. तंत्रज्ञान रुजवण्यासाठी तो द्यावाच लागला असेल, पण त्या काळी जो वाचला तो कोळसा चांगलाच महागात वाचला. धुराची आणि राखेची किंमत या हिशेबात नाही, हेही खरे. पारसजवळच्या गावांना विचाराल तर ते ती आधी धरायला सांगतील.

कोणत्या क्षणी कोणाला मागे सारायचे, हे राज्यात कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून ठरते; नागपूरला अंबाझरीला त्याचे विभागीय केंद्र आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्यासाठी कोण किती वीज देणार आणि कोण किती घेणार याचे वेळापत्रक आदल्या दिवशी लागते. ज्याचा इंधनखर्च कमी त्याला आधी बोलवायचे, असा क्रम. वाऱ्याला इंधनखर्चच नाही, म्हणून तो आला की आधी तो. २०१८ पासून पवन आणि सौर प्रकल्पांनाही आपला अंदाज आधी कळवावा लागतो, आणि क्षमतेच्या १५ टक्क्यांहून जास्त चुकला तर दंड बसतो. हे सगळे कशासाठी, तर देशभराच्या जाळ्याची वारंवारिता ५० हर्ट्झजवळ राहावी म्हणून. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाला मिळाला. तेव्हापासून सगळा देश एकाच ठोक्यावर चालतो.

वनकुसवड्याला वारा पडला की त्या एका ठोक्यातून तो पारसच्या बॉयलरपर्यंत पोहोचतो. अडचण अशी की बॉयलर हा काही स्टोव्ह नव्हे. कोळशाचा संच साधारण ५५ टक्क्यांच्या खाली चालवायचा नाही असा नियम आहे; २५० मेगावॅटच्या संचासाठी तो आकडा सुमारे १३७ येतो. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरायला सांगितले आहे. उतरता येते, पण प्रत्येक युनिटाला कोळसा जास्त लागतो आणि नळ्या तापून-निवून थकतात. मी आयुष्यभर तापून-निवून थकलेली तांब्याची तार पाहिली आहे, त्यामुळे हे वाक्य मला दोनदा वाचावे लागले नाही.

पाण्याचे तसे नाही. कोयनेचा संच काही मिनिटांत पूर्ण भाराला येतो. गंमत अशी की वनकुसवडे आणि कोयनानगर दोन्ही पाटण तालुक्यात आहेत. बेभरवशाचा वारा आणि त्याला सांभाळणारे पाणी एकाच तहसीलदाराच्या हद्दीत. पावसाळ्यात वारा वाहत असताना पाणी राखून ठेवायचे आणि उन्हाळ्यात वापरायचे, हा नैसर्गिक सौदा. पण कोयनेचे पश्चिमेकडे वळवून विजेसाठी वापरायचे पाणी कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलेले आहे. घाटघरला पाणी पुन्हा वर चढवून साठवणारा प्रकल्प आहे, तो २५० मेगावॅटचा, म्हणजे पारसच्या एका संचाएवढा. राज्याची कमाल मागणी तीस हजार मेगावॅटच्या घरात असताना ही शिल्लक मोठी म्हणता येणार नाही.

मग इतकी वर्षे तोल कोणी सांभाळला?

केंद्रीय विद्युत प्राधिकरण नियोजन करताना भरवसा मोजते. मागणी पुरवता न येण्याची शक्यता ०.२ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा त्यांचा निकष आहे. वर्षाच्या ८,७६० तासांत हे साडेसतरा तास होतात. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पेन खाली ठेवले. आमच्या खेड्यांत दीड दिवसात हा वर्षाचा कोटा संपत असे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज काही तास गेली, लोकल थांबल्या, चौकशी समित्या नेमल्या गेल्या. योग्यच झाले. वऱ्हाडातल्या तासांची मात्र चौकशी झाली नाही, कारण ते अपघात नव्हते. ते वेळापत्रक होते. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, त्याला भारनियमन जास्त, अशी गटवारी होती. बिल नियमित भरणारा शेतकरीही शेजाऱ्यांच्या थकबाकीसकट अंधारात बसे.

साधे गणित आहे. पाच एचपीचा पंप म्हणजे ३.७३ किलोवॅट. असे सदुसष्ट हजार पंप एकाच वेळी बंद केले की पारसचा एक संच सुरू केल्यासारखे होते. राज्यात पंचेचाळीस लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत. शहराची संध्याकाळ उजळावी म्हणून जे पंप थांबवले गेले, ते या अर्थाने वीज केंद्रच होते. राज्यातले सर्वांत मोठे, आणि स्थिर आकार न घेणारे.

यावर उत्तर मिळते की शेतकऱ्याला वीज सवलतीत मिळते, २०२४ पासून तर साडेसात एचपीपर्यंत मोफत आहे, त्यातच सगळे आले. या म्हणण्यात तथ्य आहे. अखंड वीज आणि खंडित वीज यांचा दर सारखा असू नये. पण सवलत सरकार देते, तिजोरीतून, मतांकडे पाहून. तोल सांभाळल्याचा मोबदला म्हणून ती कुठल्याच हिशेबात लिहिलेली नाही. लिहिलेली नाही म्हणून ती कधीही काढून घेता येते, आणि बदल्यात काय मिळाले ते कोणाला मोजता येत नाही. रात्री दोनला वाफ्यात उभ्या असलेल्या माणसाला साप चावला, तर तो खर्च विजेच्या कोणत्या रकान्यात जातो?

टेक्सासने उलटी चूक केली. तिथे नुसते तयार उभे राहण्याचे पैसे केंद्राला मिळत नाहीत. टंचाईत भाव चढेल आणि त्यातून त्याने कमवावे, अशी रचना. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत पवनचक्क्या गोठल्या, त्याहून जास्त वायूची केंद्रे गोठली, भाव युनिटला नऊ डॉलरला पोहोचला आणि तिथेच राहिला. भाव होता, वीज नव्हती. दोनशेहून अधिक माणसे दगावली. आपली चूक वेगळी: आपण केंद्रांना उभे राहण्याचे पैसे देतो, माणसांना थांबण्याचे देत नाही.

आता चित्र बदलते आहे. कृषी फीडरसाठी सौर प्रकल्प उभे राहत आहेत, आणि जिथे ते झाले तिथे दिवसा पाणी देता येते. हे मोठे काम आहे. माझ्या धंद्यावर याहून चांगला घाव मला सुचला नसता. पण सौर दिवसा आणि वारा मुख्यतः पावसाळ्यात, यांचा वाटा वाढेल तसा तोल सांभाळण्याचा भाव चढत जाणार. बॅटऱ्या येतील, उंचावर पाणी चढवणारे प्रकल्प येतील, त्या सगळ्यांना मोबदला ठरेल. पंप मात्र आजही बॅटरीचे काम स्वस्तात करू शकतो, कारण संत्र्याच्या आळ्यातले पाणी दोन तास आधी दिले काय नि नंतर दिले काय, झाडाला फरक पडत नाही. अट एवढीच, की ते दोन तास शेतकऱ्याला आदल्या दिवशी सांगितलेले असावेत आणि त्याने ते स्वतः कबूल केलेले असावेत.

यंदा उन्हाळ्यात अकोटकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मळ्यात हे सगळे बोलत बसलो होतो. त्यांचे वय माझ्याहून जास्त, पण बोलतात मला भाऊ म्हणूनच. सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मंग किती देतीन, भाऊ?’’

मी खिशातल्या जुन्या पावतीच्या मागे आकडे मांडले. वर धरलेला दीड रुपया स्थिर आकार आणि केंद्र वर्षातला ८० टक्के वेळ तयार, असे धरले तर एका किलोवॅटमागे वर्षाला साधारण साडेदहा हजार रुपये होतात. पाच एचपीला एकोणचाळीस हजार. पण पंप काही बारा महिने चोवीस तास चालत नाही. जो चालतच नाही तो थांबवल्याचे पैसे कसे मागणार? म्हणून मी चौथाच हिस्सा धरला. नऊ हजार आठशे.

त्यांनी पावती हातात घेतली, चष्मा वर करून आकडा पाहिला आणि म्हणाले, ‘‘याच्या खाली सही करून द्या.’’ माझ्या सहीला काय किंमत, असे मी म्हणालो. तरी त्यांनी करून घेतली आणि कागद पासबुकात ठेवून दिला.